मेहरूणचा काठ: एकच रेषा, दोन शेजारी

व्हेक्टर नकाशात मेहरूण तलाव म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या जोड्यांची यादी: काठावरचा एक बिंदू, मग पुढचा, आणि शेवटी पुन्हा पहिला. यादी अशी मिटली की पॉलिगॉन होतो. विहिरीला एकच जोडी पुरते. रस्त्याची यादी उघडी राहते.

खरी अडचण शेजाऱ्यांची. गावनकाशावर लगतच्या दोन गटांत बांध एकच असतो. शेपफाइल या नकाशाच्या फाइल-प्रकारात मात्र प्रत्येक पॉलिगॉन आपली हद्द स्वतंत्र बाळगतो, म्हणून तोच बांध दोनदा लिहिला जातो. एका गटाचा बिंदू सरकला आणि दुसऱ्याचा राहिला, की मध्ये फट पडते किंवा गट एकमेकांवर चढतात. पडद्यावर हे सहसा दिसतही नाही. क्षेत्रफळाची बेरीज मात्र चुकते.

टोपोलॉजी, म्हणजे कोण कोणाला लागून आहे हे नाते, जपणाऱ्या रचनेत ही रेषा एकदाच साठवतात. सोबत तिच्या दोन टोकांचे नोड आणि डाव्या-उजव्या बाजूला काय आहे, याची नोंद असते. मेहरूणचा काठ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काढला, तर उजवीकडे तलाव आणि डावीकडे जमीन. मग कोणाला कोण लागून आहे, हे शोधायला अक्षांश-रेखांश तपासावेच लागत नाहीत. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९७० च्या जनगणनेसाठी रस्त्यांची नोंद याच तत्त्वावर केली होती. मोफत मिळणारी ग्रास ही प्रणाली आजही व्हेक्टर नकाशे असेच साठवते.

वर्गात याचा ताळा वहीवरही घेता येतो आणि तो जरूर घ्यावा. एका बांधाने विभागलेली दोन शेते काढली, तर बांधाच्या टोकांचे नोड २, रेषा ३ (बांध आणि दोन्ही शेतांच्या बाहेरच्या कडा) आणि क्षेत्रे ३, कारण बाहेरची जागाही मोजायची. २ − ३ + ३ = २. सलग जोडलेल्या, नोडखेरीज कुठेही रेषा न छेदणाऱ्या नकाशाला ऑयलरचे हे सूत्र नेहमी लागू पडते.

त्यानंतर क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये टोपोलॉजिकल एडिटिंग बंद ठेवून सामाईक बिंदू सरकवावा, मग तो बदल मागे घेऊन, तोच पर्याय चालू करून पुन्हा. पहिल्या वेळी फट पडते किंवा गट एकमेकांवर चढतात, दुसऱ्या वेळी दोन्ही गट सोबत हलतात.

फटी मिटवताना जवळचे बिंदू जोडण्याची मर्यादा जपून ठरवावी लागते. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर हात अर्धा मिलिमीटर हलला, तरी जमिनीवर अडीच मीटरांचा फरक पडतो. पण मर्यादा तेवढी ठेवली, तर दोन मीटर रुंदीच्या नाल्याचे दोन्ही काठ एकमेकांना चिकटतात आणि नाला नकाशातून नाहीसा होतो.