कुंचला लपवणारे चित्रकार

जन्मभर इतरांना समोर बसवून त्यांचे चेहरे रंगवणारा चित्रकार स्वतः कॅमेऱ्यासमोर बसतो, तेव्हा तो काय दाखवतो आणि काय लपवतो? व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या चित्रकारांचे तळहाताएवढे फोटो पाहताना हा प्रश्न मला नेहमी पडतो.

या फोटोंना ‘कार्त द व्हिजित’ म्हणत. पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठ छबी टिपायच्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर त्या उतरवायच्या आणि कापून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. पुठ्ठा अडीच इंच रुंद, चार इंच उंच. फोटो एकदम स्वस्त झाला. १८६० मध्ये मेयॉलने राजघराण्याचे असे फोटो विक्रीला आणले आणि आल्बमचे वेडच पसरले. राणीच्या पंक्तीला नट, पाद्री आणि चित्रकारही जाऊन बसले!

खरे तर चित्रकारांना या यंत्राची धास्तीच वाटायला हवी होती. हस्तिदंतावर इवल्या तसबिरी रंगवणाऱ्यांचा धंदा त्याने बसवला. पण फ्रिथसारख्या चित्रकाराने ‘डर्बी डे’ (१८५८) या गाजलेल्या चित्रासाठी रॉबर्ट हाउलेटकडून शर्यतीच्या गर्दीचे फोटो काढून घेतले. १८६२ च्या कायद्याने तर चित्र आणि छायाचित्र या दोहोंना एकत्रच स्वामित्वहक्क दिला.

मग स्टुडिओत चित्रकार कसा दिसतो? कित्येक फोटोंत ना कुंचला, ना रंगांची पाटी. लांब कोट, हातात हॅट, मागे पडदा, शेजारी कोरीव खुर्ची. मान हलू नये म्हणून पाठीशी लोखंडी आधार. हा चित्रकार की बँकेचा मॅनेजर, ओळखू येऊ नये! मला यात नुसती हौस दिसत नाही. ‘आम्ही कारागीर नाही, प्रतिष्ठित गृहस्थ आहोत,’ हे समाजाला पटवण्याची ती धडपड होती. श्रीमंत गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात चित्र लागायचे, तर चित्रकारालाही तिथे मानाने शिरता यायला हवे होते.

सगळेच असे बसले नाहीत. डेव्हिड विल्की विनफील्ड या चित्रकाराने १८६० च्या दशकात स्वतः कॅमेरा हाती घेतला, चित्रकार मित्रांना जुन्या काळचे पोशाख चढवले आणि जवळून फक्त चेहरे टिपले. मिले तिथे दान्ते होऊन बसला आहे. सोंग घेतलेले हे चेहरे मला कोटातल्या चेहऱ्यांपेक्षा खरे वाटतात.

आपल्या घरच्या जुन्या आल्बममध्येही पणजोबा अशाच पडद्यापुढे, खुर्चीवर हात टेकून उभे असतात. त्यांचे हात आयुष्यभर काय करत होते, ते मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच विचारावे लागते.