अल्पाका नको, अल्पाकावाल्यांची वही घ्या!

रत्नागिरी : लांब मान, टपोरे डोळे आणि अंगभर कापसासारखी लोकर. अल्पाका नावाच्या या परदेशी जनावराचे व्हिडिओ मोबाईलवर बरेच फिरतात. सोबत एका-एका नराची लाखोंची किंमत सांगितलेली असते. ते पाहून शेळीपालनाचा विचार करणाऱ्या कोणाच्याही डोक्यात प्रश्न येतो, की हे जनावर आपल्याकडे आणलं तर? प्रश्नाचं उत्तर थोडक्यात ‘नाही’ असंच आहे. पण ते का, हे समजून घेतलं तर आपल्याच गोठ्यातल्या शेळ्यांसाठी त्यातून चार कामाच्या गोष्टी मिळतात.

उंटाचा लांबचा भाऊबंद

अल्पाका हे उंटाच्या कुळातलं जनावर. मूळ ठिकाण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, मुख्यतः पेरू आणि बोलिव्हियात. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी विकुना या रानटी जनावरापासून ते माणसाळवलं. साधारण 3,500 ते 5,000 मीटर उंचीच्या पठारावर ते चरतं. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त उंची. हवा थंड, कोरडी आणि विरळ.

त्याचे दोन प्रकार. फुगीर, कुरळ्या लोकरीचा तो हुआकाया आणि बटा लोंबणारा तो सुरी. मादीचा गाभणकाळ साडेअकरा महिन्यांच्या आसपास आणि पिल्लू एकच. जुळी क्वचितच. लोकर वर्षातून एकदा कातरतात. म्हणजे चुकीचा नर वापरला, तर ती चूक कळायलाच दोन वर्षं जातात. म्हणूनच अल्पाका पाळणारे नर निवडताना इतकी काळजी घेतात.

बारीक लोकर म्हणजे किती बारीक?

लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 60-70 मायक्रॉन जाड असतो. चांगल्या मेरिनो मेंढीची लोकर 18 ते 22 मायक्रॉन. अल्पाकाची साधारण 18 ते 30 मायक्रॉन. जाड तंतू त्वचेला टोचतो, बारीक टोचत नाही. सगळा भाव या फरकावर ठरतो. बाजारात ‘बेबी अल्पाका’ म्हणतात, त्याचा पिल्लाशी संबंध असेलच असं नाही. सुमारे 22 मायक्रॉनच्या आसपासच्या बारीक प्रतीचं ते नाव आहे, मग लोकर मोठ्या जनावराची का असेना.

चांगला पैदासकार हाताला मऊ लागली म्हणून लोकर चांगली, असं म्हणत नाही. जनावराच्या कुशीच्या मधल्या भागातून चिमूटभर नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतो. तिथून नुसती सरासरी येत नाही, तर तंतूंमध्ये कमीजास्तपणा किती तोही येतो. सरासरी 20 मायक्रॉन आहे, पण त्यात 35 चे जाड तंतू मिसळलेत, तर कापड टोचणारच. तांदळातल्या खड्यांसारखा हा प्रकार. मूठभर खडे सगळा भात बिघडवतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. उपाशी जनावराची लोकर बारीक होते आणि भरपूर खुराक दिलेल्याची जाड. वय वाढलं तरी जाड होते. त्यामुळे दोन वर्षांच्या अर्धपोटी नराची लोकर सहा वर्षांच्या धष्टपुष्ट नरापेक्षा बारीक निघाली, म्हणून पहिला नर वाणाचा चांगला ठरत नाही. तुलना करायची तर एकाच वयाच्या, एकाच कुरणात चरलेल्या जनावरांची. खाण्यापिण्यामुळे आलेला गुण पिल्लात उतरत नाही. आईबापाच्या रक्तातून आलेला उतरतो. पैदास करणाऱ्याला हा फरक ओळखता आला पाहिजे.

प्रदर्शनातला नंबर

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात अल्पाकाची प्रदर्शनं भरतात. पंच आधी दात, जबडा, पाठ आणि पायांची ठेवण बघतात. मग अंगावरची लोकर बोटांनी उघडून बारीकपणा, चमक, दाटपणा आणि सारखेपणा तपासतात. नुसती लोकर सुंदर आणि पाय वाकडे, तर नंबर मिळत नाही. नियम चांगलाच आहे. जनावर आधी चाललं पाहिजे, चरलं पाहिजे.

पण दिसण्याच्या मागे लागलं की नुकसान होतं, हेही तिथे दिसलं. पांढरंशुभ्र अंग आणि निळे डोळे असलेले अल्पाका दिसतात देखणे, पण त्यातले बरेच बहिरे निघतात. आपल्याकडेही हा प्रकार आहेच. जमनापारी शेळीची बाकदार नाकाची ठेवण लोकांना आवडते. हौसेपायी ती फारच वाढवली की वरचा-खालचा जबडा जुळत नाही आणि करडाला पाला धड तोडता येत नाही. फोटो छान येतो, वजन मात्र भरत नाही.

लाखाची किंमत कुठून आली?

अमेरिकेत अल्पाका मोठ्या संख्येने यायला 1984 च्या सुमारास सुरुवात झाली. 1998 मध्ये तिथल्या नोंदवहीत बाहेरून आणलेल्या जनावरांची नोंद बंद झाली आणि आधी आलेल्यांचे भाव चढले. निवृत्त माणसांनी, हौशी लोकांनी पैसे गुंतवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अर्थतज्ज्ञांनी तेव्हाच इशारा दिला होता, की जनावरापासून मिळणाऱ्या लोकरीच्या पैशात ही किंमत कधीच वसूल होणार नाही, हा फुगा आहे. तसंच झालं. एक पैदासकार दुसऱ्या पैदासकाराला विकत होता, तोवर भाव टिकला. नवीन गिऱ्हाईक यायचं थांबलं आणि भाव कोसळला. वर्षाला दोन-तीन किलो लोकर देणारं जनावर शेवटी त्या लोकरीच्याच किमतीला आलं.

हे वाचून इमू आठवला नाही, असा शेतकरी विरळा. तामिळनाडूत पेरुंदुराईची मोठी इमू कंपनी 2012 मध्ये बुडाली आणि हजारो गुंतवणूकदार अडकले. महाराष्ट्रातही त्या काळात अनेकांनी कर्ज काढून इमू पाळले. पिल्लं विकणारे भरपूर होते. अंडी, मांस आणि तेल विकत घेणारा शोधून सापडत नव्हता. शेवटी पक्ष्यांना खायला घालणंही परवडेना. कुठल्याही नव्या जनावराबाबत म्हणून पहिला प्रश्न एकच विचारावा. पिल्लं सोडून यातलं दुसरं काय विकलं जातं, आणि ते आपल्या तालुक्यात कोण घेतं?

लोकरीचा प्रयोग महाराष्ट्रातही झाला

बारीक तंतूचं जनावर आपल्या राज्यात तयार करायचा प्रयत्न झालाच नाही, असं नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीचा अंगोरा बोकडाशी संकर करण्यात आला. अंगोराच्या तंतूला मोहेर म्हणतात. तो चमकदार आणि महाग. संकराच्या शेळ्यांना मोहेर आलंही. पण आज संगमनेर-अकोल्याच्या वाड्यांवर मोहेरच्या शेळ्या दिसत नाहीत. दिसते ती मटण आणि दूध देणारी संगमनेरी. शेतकऱ्याला रोख पैसा ज्यातून मिळतो, तेच जनावर गावात टिकतं.

घाटावरच्या दख्खनी मेंढीची गोष्टही तशीच. तिची लोकर जाडीभरडी आणि बहुतेक काळपट. सनगर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या त्याचीच घोंगडी विणली. पावसात ऊब देणारी ती घोंगडी कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांनीही वापरली. आता घोंगडीला गिऱ्हाईक कमी झालं. कातरणीचे पैसेही सुटत नाहीत, म्हणून काही मेंढपाळ लोकर माळावरच टाकून देतात.

उलट सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून नाव पडलेली मेंढी बघा. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच बांधा, पोपटासारखं बाकदार नाक आणि लोकर नावापुरती. तरी भाव तिलाच. 2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. ती किंमत वाणाच्या नरासाठी होती आणि हौसेचा भाग त्यात मोठा होता. सामान्य शेतकऱ्याने त्यावर हिशोब मांडू नये. मात्र या मेंढीच्या करडाला मटणाच्या बाजारात खरोखर मागणी आहे. अल्पाका आणि माडग्याळमध्ये हाच मोठा फरक.

आपल्या पावसात काय टिकतं?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. चार महिने चिखल, ओल आणि घामट हवा. अंगभर लोकर असलेल्या जनावराला हे सोसत नाही. लोकर ओली राहिली की कातडी कुजते, माश्या अळ्या घालतात, खुरं सडतात. घाटावरचे धनगर पावसाळ्यात मेंढ्या घेऊन कोकणात थांबत नाहीत. भातकापणी झाल्यावर खाली उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात आणि पावसाआधी परत वर जातात. सह्याद्रीच्या कड्यावर पावसात राहणाऱ्या गवळी धनगरांकडे तर मेंढ्या नसतातच, असतात त्या म्हशी. हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परदेशी जनावर आणायचं तर केंद्र सरकारची परवानगी आणि विलगीकरण हे सोपस्कार वेगळेच.

या पावसात टिकणारी शेळी आपल्याकडे आहे. कोकण कन्याळ. मूळची सिंधुदुर्गातली, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यातल्या निळेली केंद्रात तिच्यावर काम केलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद आहे. अंग काळं, कानांच्या कडा पांढऱ्या, तोंडावर दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे. पाय लांब, त्यामुळे डोंगरउतारावर आणि झुडपांत चरायला सोयीची. जुळी देणाऱ्या शेळ्या तिच्यात चांगल्या संख्येने मिळतात.

वही कशी ठेवायची?

अल्पाकावाल्यांकडून शिकायचं ते इथे. ते ज्या शिस्तीने मायक्रॉन मोजतात, त्या शिस्तीने आपण करडाचं वजन मोजावं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. टांगायचा वजनकाटा, एक पोतं आणि शाळेची वही पुरते.

प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला हवा. पशुसंवर्धन विभागाचा 12 अंकी बिल्ला असेल तर उत्तमच. वहीत आई कोण, बाप कोण, जन्मतारीख, एकुलतं की जुळं, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं वजन लिहावं. मेलेलं करडूही लिहावं. लोक नेमकं तेच लिहायचं टाळतात.

समजा, एका शेळीचं एकुलतं करडू तीन महिन्यांत 11 किलोचं झालं. दुसरीची जुळी प्रत्येकी साडेनऊ किलोची. नजरेला पहिलं करडू उठून दिसतं आणि बोकड म्हणून तेच ठेवलं जातं. पण दुसऱ्या शेळीने 19 किलो वजन तयार केलं. आईचं दूध अर्धं वाटून घेऊनही साडेनऊला पोचलेलं करडू वाणासाठी जास्त मोलाचं ठरू शकतं. वही नसेल तर हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. उलट चांगलं वाढलेलं करडू बकरी ईदला आधी विकलं जातं आणि मागे राहिलेलं खुरटं वाणाला उरतं. कळप दरवर्षी थोडा थोडा खुजा होतो, तो असा.

बोकडाचं महत्त्व तर सर्वांत जास्त. 25-30 शेळ्यांना एक बोकड धरला तर वर्षात होणाऱ्या प्रत्येक करडात निम्मं रक्त त्याचं. तोच बोकड किती दिवस ठेवायचा, तेही वहीच सांगते. शेळीचा गाभणकाळ पाच महिने, मादी करडू वर्षभरात माजावर येतं. म्हणजे बोकड कळपात आल्यापासून दीड वर्षात त्याच्याच लेकी त्याच्यासमोर उभ्या असतात. त्याआधी बोकड बदलावा किंवा दुसऱ्या गावच्या पाळणाऱ्याशी अदलाबदल करावी. गावातला मोकाट बोकड कळपात शिरला, तर सगळी वही वाया.

निवड करताना आधी पाय, खुरं, जबडा आणि वृषण बघावेत. मग वहीतलं वजन. रंग आणि कान सगळ्यात शेवटी. आणि तुलना एकाच हंगामात जन्मलेल्या करडांची करावी. दिवाळीच्या करडाला हिरवा पाला भरपूर मिळतो, मे महिन्यातल्याला मिळत नाही. त्यात बापाचा दोष नाही.

अर्थात, निवड कितीही चांगली केली तरी ओल्या जमिनीवर शेळी टिकत नाही. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, वेळच्या वेळी जंताचं औषध, पागोळ्यांचं पाणी आत येणार नाही असा गोठा आणि जमिनीपासून उंच फळ्यांची माच, एवढं आधी हवं. लसीकरण, बिल्ले आणि सरकारी योजनांची माहिती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात मिळते. जातिवंत कन्याळ बोकडाबाबत कृषी विद्यापीठाकडे चौकशी करता येईल.

यंदा वही सुरू केली, तर तिसऱ्या वर्षी कुठली शेळी ठेवायची आणि कुठली विकायची हे नजरेच्या अंदाजावर सोडावं लागणार नाही. वजनकाट्याचा खर्च एका करडाच्या किमतीहून कमीच आहे.