दारावरील ठशाचे वय

टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने केरी मॅक्स कुक यांस जून 2024 मध्ये निर्विवाद निर्दोष ठरविल्याची वार्ता वाचकांच्या नजरेखालून गेलीच असेल. परंतु हाच निवाडा एका नाटकाने त्याच्या बावीस वर्षे आधी देऊन टाकला होता, आणि आज विचार करावयाचा तो त्या नाटकाचा.

जेसिका ब्लँक आणि एरिक जेन्सन यांनी 2000 साली, देहान्ताची शिक्षा होऊन पुढे सुटलेल्या सुमारे चाळीस माणसांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतील सहांच्या कहाण्या निवडून त्यांस न्यायालयीन दप्तरातील जबान्यांची जोड दिली, आणि 2002 साली न्यूयॉर्कमध्ये ‘द एक्झॉनरेटेड’ (‘दोषमुक्त’) रंगभूमीवर आणले. नेपथ्य जवळजवळ नाहीच. नटनट्या खुर्च्यांवर ओळीने बसतात, समोर संहिता ठेवलेली असते, आणि ज्याची पाळी त्याच्यावर प्रकाश पडतो.

त्या सहांपैकी एक असलेल्या कुक यांच्या प्रकरणाचा सारा डोलारा एका ठशावर उभा होता. 1977 साली टायलर गावात एका तरुणीचा खून झाला. तिच्या घराच्या दारावर कुक यांच्या बोटांचे ठसे मिळाले. आपण काही दिवस आधी त्या घरी गेलो होतो, असे त्यांचे म्हणणे. तथापि सरकारपक्षाच्या तज्ज्ञाने शपथेवर सांगितले, की ठसे सहा ते बारा तासांपूर्वीचे आहेत, म्हणजे नेमके खुनाच्या वेळचे. वस्तुतः ठसा म्हणजे घाम आणि तेल यांचा पुसट लेप. तो किती टिकेल हे हवा, दमटपणा आणि पृष्ठभाग यांवर अवलंबून, आणि त्यावरून तासांचा हिशेब मांडण्याची कोणतीही मान्य रीत शास्त्रापाशी नाही. तरीही 1978 साली त्यांस मृत्युदंड झाला. पुढे फेरखटले झाले, आणि चौथा खटला टाळण्यासाठी 1999 साली त्यांनी, गुन्हा नाकबूल ठेवून, आरोपास प्रतिवाद न करण्याची तडजोड पत्करली. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत डीएनए चाचणीने मृत तरुणीच्या वस्त्रावरील वीर्य दुसऱ्याच पुरुषाचे असल्याचे दाखविले.

या नाटकावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो: मुलाखत जिवंतांचीच घेता येते. ज्यांचे खून झाले त्यांस येथे खुर्ची नाही. त्यांची कैफियत मांडणारे एकच साधन म्हणजे त्यांच्या देहावरील आणि घरातील खुणा. म्हणून जो तज्ज्ञ त्या खुणांच्या तोंडी भलते शब्द घालतो, तो आरोपीचा जितका, तितकाच, किंबहुना अधिक, मृताचा अपराधी होय. हे नाटकात कोणी उच्चारीत नाही, तरी शपथेवरचे ते विधान नटाच्या सपाट आवाजात ऐकताना मनाला हेच बोचते.

डिसेंबर 2002 मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांच्यासमोर शिकागोत याचा प्रयोग झाला, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी 167 जणांची फाशी रद्द केली. श्रेय सर्वस्वी नाटकाचे नव्हे. फाशीच्या अंमलबजावणीस त्यांनी 2000 सालीच स्थगिती दिली होती.

सरकारी वकिलांची तक्रार मात्र अशी होती, की ‘दोषमुक्त’ म्हणून रंगमंचावर आणलेल्या सर्वांस कायद्याने दोषमुक्त केलेलेच नाही. कुक यांच्यापुरती ती आता निकालात निघाली. त्याच नाटकातील सनी जेकब्स 1992 साली अशाच तडजोडीने सुटल्या. त्यांच्या नावावरील दोष दप्तरात कायमच राहिला.