कौटुंबिक छायाचित्रे आणि बाल्याची संकल्पना : वऱ्हाडातील तान्ह्या पोळ्याच्या संदर्भात

बाल्य ही केवळ वयाची अवस्था नसून समाजागणिक वेगळ्या रीतीने घडणारी संकल्पना होय, असे प्रतिपादन फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये केले. कौटुंबिक चित्रे हा त्यांचा एक प्रमुख पुरावा होता. मध्ययुगीन चित्रांत मूल लहान आकाराच्या प्रौढासारखे दिसते, तर सतराव्या शतकात त्याची स्वतंत्र चित्रे रूढ होतात. या निष्कर्षांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले; तथापि ही दृष्टी अमरावती-अकोल्यातील घराघरांतील छायाचित्रांनाही लावून पाहण्याजोगी आहे.

जुन्या स्टुडिओतील समूहचित्रात वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर आणि मुले त्यांच्या पायांशी बसलेली असतात. मुलाच्या अंगात कोट, डोक्यावर टोपी, मुद्रा गंभीर. छायाचित्रणास पूर्वी अधिक वेळ लागत असे, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे; कारण तो वेळ घटल्यावरही गांभीर्य टिकून राहिले. येथे मूल म्हणजे प्रथमतः कुळाचा वारस.

घरगुती कॅमेरा आल्यावर हसणारे, खेळणारे मूल चित्रात आले. वऱ्हाडात त्याचे बोलके उदाहरण म्हणजे तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात व बोजारा मिळवतात. धोतर, पटका आणि चाकांचा बैल अशा वेशातील मुलाचे छायाचित्र अल्बममध्ये आवर्जून ठेवले जाते. शेतीपासून दूर गेलेल्या शहरी कुटुंबास त्यात आपले मूळही दिसते आणि निरागस बाल्यही. श्रमाचे येथे खेळात रूपांतर झालेले असते. कपाशीच्या वेचणीला आईबरोबर जाणाऱ्या, खऱ्या बैलांमागे चालणाऱ्या मुलाचे रोजचे जीवन मात्र कौटुंबिक छायाचित्राचा विषय सहसा होत नाही. कुटुंबाला जे बाल्य जपावेसे वाटते तेच टिपले जाते, आणि पुढे तेच स्वाभाविक बाल्य मानले जाते.

याच अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात १९९३ मध्ये बालमृत्यूंचा प्रश्न राज्यभर गाजला. कुपोषित बालकाचे वृत्तपत्रीय छायाचित्र वाचकाच्या परिचयाचे झाले. ते आवश्यक होते, हे नाकारता येत नाही. परंतु तेथे मूल भुकेचा पुरावा म्हणून उभे राहते. त्याची भावंडे, खेळ, सण चौकटीबाहेर राहतात. तान्ह्या पोळ्याच्या छायाचित्रामागे मुलाचे नाव व तारीख आठवणीने लिहिलेली असते. वृत्तपत्रातील बालकाच्या छायाचित्राखाली अनेकदा केवळ गावाचा किंवा जमातीचा उल्लेख पुरेसा मानला जातो.