हजेरी आणि अडीच किलो

मे २०२३ मध्ये शांघायला तिरंदाजीच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकाराची अंतिम लढत झाली. एका बाजूला नेदरलँड्सचा माइक श्लोसर, तेव्हाचा जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज. दुसऱ्या बाजूला आपल्या बुलढाण्याचा १९ वर्षांचा प्रथमेश जावकर. पंधरा बाण, दीडशे गुण. जावकरचे १४९ झाले, श्लोसरचे १४८. त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्णही मिळवलं.

बातम्या बाणांच्या झाल्या. व्यायामाच्या दृष्टीने बघायचं तर धनुष्याकडे बघावं. स्पर्धेत कंपाउंड धनुष्याची ओढ जास्तीत जास्त ६० पौंड, म्हणजे साधारण २७ किलो ठेवता येते. एवढी ओढ पहिल्या दिवशी कुणाच्या हाती देत नाहीत. आधी हलकं धनुष्य, मग खांदा आणि पाठ बसली की बोल्ट थोडा आवळायचा, पुन्हा काही आठवडे तिथेच राहायचं. आज किती पौंड ओढतोस, असं तिरंदाजाला विचारलं की तो आकडा सांगतो. जिममध्ये जाणाऱ्या आपल्या पुतण्याला, गेल्या दिवाळीला किती वजनाने बैठक मारत होतास, असं विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर मिळेल, ‘चालू आहे ना काका.’

हे ‘चालू आहे’ म्हणजेच खरं दुखणं. ‘उत्साह टिकत नाही’ ही तक्रार घाटावर चिखली-मेहकरला ऐकू येते, तशीच घाटाखाली खामगाव-मलकापूरलाही. माझं मत असं की उत्साह आधी आणि प्रगती नंतर, हा क्रमच बहुतेकांनी उलटा धरलाय. आकडा वर सरकताना दिसला की माणूस दुसऱ्या दिवशी आपोआप येतो. आकडाच नसेल, तर कानात कितीही जोशपूर्ण गाणी वाजवा, तिसऱ्या महिन्यात बूट दाराआड जातात.

आपल्या जिल्ह्यात याचा धडधडीत पुरावा म्हणजे पोलीस भरती. पहाटे कुठल्याही गावाच्या रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतात. शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर, आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. या पोरांना कुणी प्रेरणेचं भाषण देत नाही. एकाच्या हातात स्टॉपवॉच असतं, दुसरा टेपने गोळ्याचं अंतर मोजतो, आणि कालच्यापेक्षा वीत दोन वीत पुढे पडला की गलका होतो. शिवाय एखादा आला नाही की सगळ्यांसमोर विचारणा होते, ‘काहून बे, काल दिसला नाही?’ मोजमाप आणि हजेरी, दोन्ही जागेवर.

पण भरती संपते. निवड झालेला ट्रेनिंगला जातो, न झालेला दुकानात किंवा शेतात. वर्षभरात दोघांचीही पोटं सुटायला लागलेली असतात. कारण ते मोजमाप परीक्षेचं होतं, स्वतःचं नव्हतं. परीक्षेची तारीख गेली की वही बंद.

वजन थोडं थोडं वाढवत न्यायची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकन डॉक्टराने, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे निकामी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. दुखऱ्या अवयवाला हलकं वजन आणि भरपूर आवर्तनं द्यायची, अशी तेव्हाची रीत. डीलॉर्म स्वतः पोरवयात संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळले होते आणि वजनं उचलून उभे राहिले होते. त्यांनी रीत उलटवली: जड वजन, मोजकी आवर्तनं, आणि आठवड्यागणिक थोडी वाढ. १९४५ मध्ये त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे तीन सेट, प्रत्येकी दहा, असा साधा आराखडा ठरला. खामगावच्या जिममधला ट्रेनर आज ‘तीन सेट, दहा रेप’ म्हणतो, तो आकडा त्या रुग्णालयातून आलेला आहे.

मराठी मुलखाचा अनुभव मात्र वेगळ्या वाटेने गेला. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ च्या सुमारास शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर त्यांचा प्रचार केला. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. नमस्कारांत हजेरीची सोय उत्तम. साधन लागत नाही, पैसा लागत नाही, मोजायला सोपे. सवय लावायला याहून चांगला व्यायाम सापडणं कठीण. पण त्यांतून शक्ती एका पातळीपर्यंतच वाढते. शरीराचं वजन तेच राहतं, वाढते ती संख्या, आणि संख्या वाढली की ताकदीपेक्षा दमसास वाढतो. पाचशे बैठका मारणाऱ्याला शंभर किलोचा रॉड उचलता येईलच असं नाही. जुन्या आखाड्यांना हे कळत होतं. म्हणून जोर-बैठकांच्या जोडीला मुद्गल, करेला, नाल, संतोला अशी वजनाची साधनं होती. लहान मुद्गल झेपला की मोठा.

विदर्भात ही परंपरा सांभाळली ती शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. आखाड्याची मोठी ताकद म्हणजे सोबत. वस्ताद समोर असला की आळस परवडत नाही. आजचा जिमवाला मात्र वर्षाची फी एकदम भरतो आणि आला काय, न आला काय, कुणी विचारत नाही. उलट जिमच्या धंद्याला न येणारा सभासद परवडतो, हे उघड गुपित आहे.

शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्या वारकऱ्याला उत्साह टिकवण्याचा उपाय कुणी विचारत नाही. महिनाभर रोज चालायचं, पुढच्याने पाऊल टाकलं की मागच्याचं पडतं. परतीला खामगाव ते शेगाव या टप्प्यात पालखीसोबत एरवी चौकातसुद्धा गाडीवर जाणारी माणसं चालताना दिसतात. तेव्हा जिमला एकट्याने जाऊ नये. एक जोडीदार शोधावा, शक्यतो आपल्यापेक्षा थोडा तगडा आणि बराच कमी बोलका.

आता अडीच किलोचं. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. रॉडच्या दोन्ही बाजूंना एकेक टाकली की एकदम पाच किलो वाढतात. बैठकीला हे झेपतं. पण डोक्यावर वजन ढकलताना पंचवीसवरून तीस म्हणजे वीस टक्क्यांची उडी, आणि तिथेच माणूस अडकतो आणि ‘आपल्याच्यानं नाही होत’ म्हणतो. उपाय दोन. सव्वा किलोच्या प्लेटा मिळतात, दोन स्वतःच्या घेऊन पिशवीत ठेवाव्यात. नाहीतर वजन तेच ठेवून आवर्तनं वाढवावीत: आठवरून बारापर्यंत जावं, बारा नीट जमले की वजन वाढवून पुन्हा आठवर यावं. प्रत्येक वेळी तारीख, वजन, आवर्तनं शंभर पानी वहीत लिहावीत. मोबाइलवरही चालेल, पण मोबाइल उघडला की माणूस रीलमध्ये हरवतो.

पहिले सहा-आठ आठवडे वही भराभर वर चढते. तेव्हा स्नायू फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्या स्नायूंना एकदम कामाला लावायला शिकत असतात. मग चढ मंदावतो, आरशात अजून काही दिसत नाही, आणि नेमकी हीच गळतीची वेळ. खरी स्नायुवाढ इथून पुढे डोळ्यांत भरायला लागते, हे ट्रेनरने पहिल्याच दिवशी सांगायला हवं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही, हा त्यातला दिलासा. ‘एकवीस दिवसांत आयुष्य बदला’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बघावा.

बागेत नगरपालिकेने बसवलेल्या रंगीत ओपन जिमबद्दलही बोलायला हवं. सांधे मोकळे करायला ती ठीक. पण त्यातली बरीचशी यंत्रं तुमच्याच वजनावर चालतात आणि वाढवायला काही जागा नसते. सहा महिन्यांत प्रगती होत नाही, यात तुमचा दोष नाही.

खाण्याबाबत आपला जिल्हा एक गंमत करतो. आपण सोयाबीन पिकवतो, ते पोत्यांनी तेलगिरणीला धाडतो, आणि प्रथिनांची पावडर हजारो रुपये मोजून डब्यातून विकत आणतो. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, कच्च्या हरभऱ्यात वीसच्या जवळपास, एका अंड्यात सहा. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला नव्वद ग्रॅम. भाकरी-ठेच्यावर ती होणार नाहीत. भाकरीसोबत घट्ट वरण, उसळ, दही, चालत असतील तर अंडी लागतील. घरचं सोयाबीन कच्चं खाऊ नये, नीट शिजवूनच घ्यावं.

‘शेतात राबणाऱ्याला जिम कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. पोतं उचलणाऱ्याच्या अंगात ताकद असतेच. पण शेतातलं वजन आपल्या सोयीने वाढत नाही आणि विश्रांती पिकाच्या मर्जीवर मिळते. म्हणून चाळिशीत कंबर बोलायला लागते. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-पाऊण तास, पाठ आणि मांड्यांचा मोजून केलेला व्यायाम त्यालाही उपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

बायकांना तर जास्तच. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या अशा शंभर स्त्रियांवर २०१८ मध्ये छापलेला प्रयोग आहे. देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं उचलणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता आठ महिन्यांत वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. ‘बाईमाणसाने वजन उचलू नये’ असं सांगणारी घरं त्याच बाईला पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर आणि दुसरा कमरेवर घेऊन येताना रोज बघतात.

राहिला खंड. आपलं वर्ष सरळ जातच नाही. पेरणी, पोळा, नवरात्रीचे उपास, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, लग्नसराई, आणि मे महिन्यात घाटाखाली पंचेचाळिसाजवळ गेलेला पारा. खंड पडणार हे धरूनच आखणी करावी. दोन-तीन आठवडे सुटले तरी ताकद फारशी जात नाही, आणि एकदा कमावलेली ताकद पुन्हा कमवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. सोंगणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बैठका आणि जोर काढले तरी कमाई बरीच टिकते. उन्हाळ्यात वेळ पहाटे पाचची करावी आणि नवे आकडे गाठायचा हट्ट सोडावा.

दिवाळीनंतर जिममध्ये परत जाल तेव्हा वहीतल्या शेवटच्या वजनाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर सुरू करा. पन्नासला थांबला असाल तर तीस-पस्तीस. पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला गेलात तर चार दिवस जिना उतरता येणार नाही, आणि पाचव्या दिवशी तुळशीच्या लग्नाचं निमित्त तयार असेल.