प्रवासाचे शिक्षण : चिकटचित्र आणि ओवी

प्रवास हा विषय आपण वर्गात शिकवितो म्हणजे काय करितो, याचा एकदा विचार केला पाहिजे. नकाशावर तांबडी रेघ ओढावयाची, वाटेतील गावांची नावे पाठ करून घ्यावयाची आणि अंतर किती ते विचारावयाचे. विद्यार्थ्याला गुण मिळतात. परंतु त्या रेघेवरून कोणी पायी चालत गेले होते, त्याच्या गाठोड्यात काय होते आणि परतताना त्यातले काय उरले, हे त्याला कळत नाही. अशा वेळी चिकटचित्र आणि ओवी ही दोन साधने उपयोगी पडतात असा माझा अनुभव आहे. तो अध्यापक बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

चिकटचित्राला चित्रकार ‘कोलाज’ म्हणतात. चिकटविणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो शब्द आला. १९१२ साली पिकासोने आपल्या एका चित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीचा ठसा असलेले मेणकापड चिकटविले आणि त्याच सुमारास ब्राकनेही कागदाचे तुकडे चित्रात आणले. विणीचे चित्र हाताने न काढता बाहेरच्या जगातील एक वस्तूच चित्रात आणून बसविली, हे त्यातील मर्म. आपल्या मुलांना ते समजावून सांगणे कठीण नाही. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ज्या गोधडीत शिवलेला आहे, तिच्यात ती मुले निजलेली असतात.

आम्ही ग्वाल्हेरकर असल्यामुळे प्रवास कोणता घ्यावा हे मला शोधावे लागले नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याने दक्षिणा मिळेल अशी आशा होती. महूच्या आसपास त्यांना बंडाची वार्ता लागली. पुढे ग्वाल्हेर पाहून ते झाशीस गेले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलात तेथील वेढ्यात व लुटीत सापडले. मिळविलेले द्रव्य गेले. आईबापांसाठी गंगाजलाची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरी पोहोचविली. बंडानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी लिहिलेला हा वृत्तान्त ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला. वैद्य हे ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश राहिलेले. भटजींची मूळ भाषा राखलेली संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणली.

माझा पहिला प्रयोग फसला, हे प्रथम सांगून टाकतो. मी मुलांना प्रवासाची चित्रे कापून आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने आगगाड्या, विमाने आणि दिनदर्शिकेवरील डोंगर आणले. चित्रे सुबक झाली, पण त्यांत भटजी कोठेच नव्हते. दोष मुलांचा नव्हता. काय निवडावयाचे हे मीच सांगितले नव्हते.

दुसऱ्या खेपेस नियम केला : प्रवाशाने जे हाताळले, तेवढेच चिकटवावयाचे. आधी निवडक भाग वाचून दाखविले आणि मुलांकडून वस्तूंची यादी करून घेतली. चार हात लांब कागदाची पट्टी भिंतीला लावली. तिच्या दोन्ही टोकांना वरसई. मग मुलांनी जुन्या पंचांगाच्या पानांची पोथी केली, धोतराच्या चिंधीचे गाठोडे केले, पिवळ्या घोटीव कागदाची नाणी कापली आणि सुतळी व निळ्या कागदाची कावड केली. झाशीसाठी कडा जळालेले कागद घेतले. ते मी स्वतः जाळून दिले. चिकटविण्यास घरची कणकेची खळ पुरते.

झाशीपर्यंत आल्यावर मी मुलांना सांगितले, “आता नाणी उपटून काढा.” वर्ग गप्प झाला. खळ वाळलेली असल्याने नाण्यांबरोबर खालचा कागदही सोलून निघाला आणि पट्टीवर पांढरे ओरखडे राहिले. एका मुलाने विचारले, “सर, तिथे दुसरी नाणी लावू?” मी म्हणालो, “भटजींना कोणी दिली होती का?” त्याने ओरखडा तसाच राहू दिला. लूट म्हणजे काय, हे त्या दिवशी व्याख्येवाचून शिकवून झाले.

यानंतर ओवी. ओवी जात्यावर बसून रचली गेली, तशी ग्रंथांतही नांदली. तिच्यात अक्षरे मोजण्याचा जाच नाही. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, हे ग्रंथातील ओवीचे रूप मुलांना लवकर साधते. दुःख, आनंद, भीती हे शब्द मी वर्ज्य केले. पट्टीवर जे दिसते तेवढेच सांगावयाचे. सातवीच्या वर्गाने मिळून रचलेली एक ओवी अशी :

होती कमरेशी थैली ।
तीही वाटेत लुटली ।
एक कावड राहिली ।
खांद्यावरी ॥

चौथा चरण आखूड असल्यामुळे शेवटी काय ठेवावयाचे हे मुलांना ठरवावे लागते. चिकटचित्रातही तेच करावे लागते. म्हणून ही दोन साधने मी जोडीने वापरतो. चित्र वस्तू निवडावयास शिकविते आणि ओवी त्या वस्तूंना क्रम व वाचा देते.

यापुढची पायरी मला अधिक मोलाची वाटते. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. आमच्या वस्तीचे नावच असे एका मुक्कामाचे आहे. परंतु आपले पूर्वज कोठून निघाले हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसते, आणि घरातील मराठीही दिवसेंदिवस उणी होत चालली आहे. म्हणून मी दुसरी पट्टी प्रत्येकाच्या घराण्याची करावयास सांगितली. एका मुलाच्या घरी मूळ गाव कोणालाच सांगता येईना. त्याने पट्टीचा आरंभ कोरा ठेवला. काहीतरी नाव घालून ती जागा भरू नये, असे मीही त्याला सांगितले. शेवटी मात्र त्याने एका चिठोऱ्यावर ‘परसू’ एवढाच शब्द लिहून चिकटविला. त्यांच्या घरामागे हातभर रुंदीची फरसबंद जागा आहे. झाड नाही, विहीर नाही. पण आजी तिला परसूच म्हणते.

गावाचे नाव वाटेत गळाले, शब्द मात्र खांद्यावरून येथवर आला. मराठी का शिकावयाची, असे आमची मुले कधीकधी विचारतात, आणि आपण त्यांना मोठमोठी कारणे सांगत बसतो. त्या मुलाने मला ते कारण चिठोऱ्यावर लिहून दाखविले. ती पट्टी अजून माझ्या खोलीत आहे.