गोळ्या की टाके?

“कापाकापी नको म्याडम, गोळ्या द्या. मुकादमाची उचल घेतलीया.” जानेवारीतल्या एका रात्री ऊसतोडीचा तरणा गडी माझ्यासमोर पोट धरून बसला होता. शेजारी बायको. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आडवा झाला की दुसऱ्याचीही तोड थांबते. आदल्या दिवशी बेंबीभोवती उठलेली कळ आता उजवीकडे, खाली उतरून बसली होती. तिथे बोटं टेकवताच त्याने पाय पोटाशी घेतले.

तालुक्याच्या गावी सर्जन म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. अपेंडिक्स सुजलं की काढायचं, सकाळची वाट पाहायची नाही, हेच आम्ही शिकलो. सुजलेलं अपेंडिक्स आज ना उद्या फुटणार, हे त्यामागचं गृहीत.

फिनलंडमधल्या सर्जननी ते तपासून पाहिलं. तुर्कूच्या डॉ. पाउलिना साल्मिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ६० वयाचे ५३० रुग्ण घेतले. अपेंडिक्स फुटलेलं नाही, पू साचलेला नाही, आत खडाही नाही, याची सीटी स्कॅनवर खात्री केली. निम्म्यांचं ऑपरेशन झालं. उरलेल्यांना तीन दिवस शिरेतून अँटिबायोटिक आणि पुढे सात दिवस गोळ्या दिल्या. २०१५ साली निष्कर्ष आले. अँटिबायोटिक घेतलेल्या शंभरातल्या सुमारे ७३ जणांना वर्षभरात ऑपरेशन लागलं नाही. पाच वर्षांत शंभरातल्या ३९ जणांना दुखणं पुन्हा उद्भवलं. म्हणजे बहुतेकांचं अपेंडिक्स औषधाने शांत झालं आणि शांत राहिलं.

मीही ते करून पाहिलं. दहावीला शिकवणाऱ्या एका बाईंना परीक्षेच्या तोंडावर हा त्रास झाला. सीटी स्वच्छ होता, घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. सगळं समजून घेऊन त्यांनी औषधं निवडली. चौदा महिन्यांनी पुन्हा दुखलं, तेव्हा त्या तासाभरात आल्या आणि ऑपरेशन झालं. “त्या वर्षी माझी मुलं परीक्षेला बसली, मी त्यांच्याजवळ होते,” असं त्या आजही सांगतात.

मग या गड्याला गोळ्या का नाहीत?

त्याच्या सीटीत अपेंडिक्सच्या तोंडाशी मळाचा कडक खडा दिसत होता. अमेरिकेतल्या १,५५२ रुग्णांच्या अभ्यासाने २०२० साली हाच धोका दाखवला. अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी ज्यांना खडा होता, त्यांच्यातल्या शंभरातल्या ४१ जणांना तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन करावं लागलं. खडा नव्हता त्यांच्यात २५ जणांना. गुंतागुंतही खडेवाल्यांतच जास्त झाली.

मी स्क्रीन दोघांकडे वळवली आणि तो खडा दाखवला. मग विचारलं, “पुढच्या महिन्यात रात्री पुन्हा दुखलं, तर तुम्ही कुठे असाल?” बायको म्हणाली, “काय सांगावं? मुकादम नेईल त्या फडावर.” नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. पहाटेच्या आत दुर्बिणीतून ऑपरेशन उरकलं.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगायची आहे. मेडिकलमधून चार गोळ्या आणून कळ दाबणं म्हणजे अँटिबायोटिकचे उपचार नव्हेत. त्याने निदानच लांबतं आणि फुटलेलं अपेंडिक्स घेऊन माणूस तिसऱ्या दिवशी येतो. या उपचाराला आधी सीटी लागतो, सुरुवातीला डॉक्टरांची नजर लागते, गोळ्यांचा पूर्ण कोर्स लागतो. ताप चढला किंवा कळ वाढली, तर त्याच दिवशी परत यावं लागतं. चाळिशी उलटलेल्यांनी पुढेही तपासणी करून घ्यावी, कारण क्वचित त्या सुजेआड गाठ लपलेली असते.

फिनलंडच्या अभ्यासाने माझ्या हातातली सुरी काढून घेतली नाही. ती उचलण्याआधी रुग्णाशी बोलायला मला भाग पाडलं. म्हणून आता अपेंडिक्सच्या प्रत्येक रुग्णाला मी दोन गोष्टी विचारते: खडा आहे का, हे त्याच्या सीटीला, आणि पुन्हा दुखलं तर कुठे असाल, हे त्याला.